साडीची उलटी बाजू

येवला, रविवार

चि. अनिकेत यास अनेक आशीर्वाद.

फोनवरच बोलले असते, पण फोनवर तू ‘हो आई, हो आई’ करतोस आणि मागे तुझं दुसरंच काहीतरी चालू असतं. म्हणून कागद घेऊन बसले.

आधी डोंबिवलीच्या त्या बाईंचं सांगते. आपल्या पैठणीच्या दुकानाच्या नावानं तू पोस्ट टाकतोस, त्यातल्या एकीखाली त्यांनी लिहिलं होतं, ‘फोटोत चिंतामणी रंगाची होती, घरी आली ती जांभळी.’ तू ती कमेंट उडवलीस. त्यांनी तिचा स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवला होता. तो दुकानाच्या व्हॉट्सॲपवर आला, खाली एक ओळ : ‘आता हेही पुसा.’ मला ते वाचून कसंसंच झालं. फोन लावला, साडी परत घेते, पैसे देते म्हटलं. ‘पैसे नकोत हो, रंग हवाय,’ म्हणाल्या. मग चिंतामणीच्या दोन साड्या अंगणात नेल्या, चटईवर उलगडल्या आणि व्हिडिओ कॉलवर दाखवल्या. दुसरी पसंत पडली.

चूक त्यांची नव्हती रे. तो फोटो तू रात्री दुकानातल्या दिव्यांखाली काढला होतास, वर फिल्टर. चिंतामणी, मोरपंखी, वांगी हे रंग फोनच्या कॅमेऱ्याला धड सापडत नाहीत. सकाळी नऊ-साडेनऊला ओसरीत ऊन थेट नसतं, तिथे काढ. एक फोटो घडीचा, एक पदराचा, एक कुणाच्या तरी खांद्यावर. फिल्टर तुझ्या तोंडाला लाव हवा तर.

आणि तक्रार पुसायची नाही. तुझे बाबा गादीवर असताना गिऱ्हाईक तावातावानं बोलायला लागलं की ते म्हणायचे, ‘बसा आधी, पाणी घ्या.’ दुकानातले बाकीचे चार जण साडी बघता बघता कान इकडेच लावून असायचे. कमेंटचंही तेच. तिथेच दोन ओळींत उत्तर दे, ‘चुकलं, आज फोन करतो’ एवढं, आणि खरंच फोन कर. शिवीगाळ असेल तर खुशाल काढून टाक.

आता जे मला जास्त खुपतं ते. तुझ्या रीलमध्ये नारळी काठाचा पदर झुळझुळतो, मुनिया म्हणजे ती पोपटांची नक्षी दिसते, सगळं छान. पण साडी तू एकदाही उलटी करत नाहीस. मी गेली सव्वीस वर्षं गिऱ्हाइकासमोर आधी पदर उलटा करते. हातमागावर प्रत्येक रंगाचा धागा हातानं अडकवत नेलेला असतो, त्यामुळे मोर मागूनही मोरच दिसतो. यंत्रमागाच्या मालाला मागे सुटे धागे लोंबतात, नाहीतर कापल्याच्या खुणा असतात. एवढं दहा सेकंदांत दाखवता येतं, दुसरं काही बोलावंही लागत नाही.

आपण यंत्रमागाचा मालही ठेवतो, त्यात लाज कसली? दीड-दोन हजारांत बाईला पैठणीची हौस भागवता येते. पण मागच्या रीलमध्ये मागे मागाची खटखट आणि समोर यंत्रमागाची चळत, वर अक्षरं ‘अस्सल येवला हातमाग’. हे नको. ज्या साडीवर हॅन्डलूम मार्क आहे तिलाच हातमाग म्हण, सिल्क मार्क आहे तिलाच शुद्ध रेशीम. फसव्या जाहिरातीला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पहिल्या खेपेला 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मला दंडापेक्षा शांतामावशींची भीती वाटते. त्या ब्रोकेडच्या, म्हणजे अंगभर नक्षीच्या, एका साडीला महिनोन्‌महिने मागावर बसतात, आणि रील त्याही बघतात.

‘किमतीसाठी डीएम करा’ हे बंद कर. दुकानात आपण गिऱ्हाइकाला ‘कोपऱ्यात या, कानात सांगते’ म्हणतो का? किंमत लिही, हातमाग की यंत्रमाग ते लिही, बदलून किती दिवसांत मिळेल ते लिही. महाग वाटली तर लोक पुढे जातील, जाऊ देत. दिवसाला चाळीस वेळा तोच आकडा टाइप करण्यापेक्षा बरं.

ती पुण्याची मुलगी व्हिडिओ करायला फुकट साडी मागते आहे, तिला द्यायला माझी ना नाही. पण साडी भेट मिळाली आहे हे तिनं व्हिडिओतच स्पष्ट सांगायचं. पैसे घेतले काय नि वस्तू घेतली काय, केंद्र सरकारच्या जानेवारी 2023 च्या सूचनांप्रमाणे ते सांगावंच लागतं. ती ‘मी सहज घेतली’ म्हणणार असेल तर राहू दे.

सिनेमाची गाणी नकोत. बिझनेस खात्याला ती सगळी वापरता येत नाहीत, म्हणूनच तुझं ते रील मुकं झालं. संक्रांतीला गच्चीवरून पतंगांचं घेतलं होतंस, त्यात गाणं कुठे होतं? नुसता आरडाओरडा. तरी नागपूरपासून फोन आले, ‘येवल्यात यायचं कसं’ म्हणून. मनमाडला उतरा म्हणून सांगता सांगता माझा घसा बसला.

एक जुनं दुखणंही सांगते, तू तेव्हा हॉस्टेलला होतास. आपलं पहिलं फेसबुक पेज दुकानातल्या मुलानं स्वतःच्या ईमेलवर उघडलं होतं. तो काम सोडून गेला आणि पेजही त्याच्याबरोबर गेलं. चार वर्षांचे फोटो, गिऱ्हाइकांचे निरोप, सगळं. भांडण झालं नाही, तो फोनच उचलेना. तेव्हा आता सगळी खाती दुकानाच्या सिमवर आणि दुकानाच्या ईमेलवर घे. टू-स्टेप व्हेरिफिकेशन लाव. ‘ओटीपी सांगा, निळी खूण मिळवून देतो’ म्हणणारे रोज एक-दोन येतात. मी त्यांना साडी घ्यायला बोलावते, मग गप्प होतात. पासवर्ड लिहून लाल चोपडीत ठेवला आहेस म्हणालास, मला तर सापडला नाही. कुठल्या पानावर आहे ते कळव.

लग्नातले फोटो गिऱ्हाईक कौतुकानं पाठवतात, ते विचारल्याशिवाय टाकू नकोस. शांतामावशींना मी विचारलं. ‘काढ म्हणावं व्हिडिओ, पण हातांचा. तोंड नको, सून हसेल,’ म्हणाल्या. शनिवारी येशील तर सकाळी ये. दुपारनंतर त्यांच्या मागावर उजेड राहत नाही.

तुझी
आई