डिस्पोजेबल व्हेप बंद झाल्यावर मला पुन्हा सिगारेटकडे वळू न देणाऱ्या ताईंस

बर्मिंगहॅम

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

युनायटेड किंग्डममध्ये १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकून द्यायच्या, म्हणजे डिस्पोजेबल, व्हेपच्या विक्रीवर बंदी आली. व्हेप म्हणजे ई-सिगारेट, लिक्विडची वाफ ओढायचे बॅटरीवरचे उपकरण. ती येणार हे सगळ्यांना ठाऊक होते. पण ती आल्यावर माझ्यासारख्याने नेमके काय करायचे, हे समोर बसवून आणि हातात वस्तू देऊन सांगणाऱ्या फक्त आपणच भेटलात. नगरपालिकेच्या धूम्रपानमुक्ती सेवेत सल्लागार म्हणून हे आपले नेमून दिलेले काम आहे, असे सांगून आपण माझे आभार परतवून लावाल, याची मला कल्पना आहे. तरीही ते चारचौघांत मानावेत असे मनापासून वाटते, कारण आपण मला जे शिकवले ते इथल्या अनेक मराठी घरांतल्या थोरामोठ्यांच्या उपयोगाचे आहे. आपल्या परवानगीशिवाय आपले नाव छापणे योग्य नाही, म्हणून ते लिहीत नाही.

कोल्हापूरला कॉलेजात असताना लागलेली सिगारेट इंग्लंडला आल्यावरही सुटली नव्हती. ती सुटली डिस्पोजेबलमुळे. त्यात बटण नाही, भरणे नाही, चार्जिंग नाही. ओठांना लावून ओढले की वाफ येते आणि संपले की टाकून दिले. पन्नाशीला टेकलेल्या आणि दिवसभर गोदामात उभ्याने काम करणाऱ्या माणसाला ही सोय फार मोलाची होती. बंदीची तारीख जवळ आली तशी मला एकच धास्ती वाटू लागली, की तलफ आली आणि हाताशी काही नसले, तर कोपऱ्यावरच्या दुकानात सिगारेटचे पाकीट मिळणारच आहे. माझे बोलणे पुरे व्हायच्या आधीच आपण ही धास्ती ओळखलीत आणि म्हणालात, “बंदी फेकून द्यायच्या वस्तूवर आहे, दादा. पुन्हा चार्ज करता येणारे, पुन्हा भरता येणारे व्हेप मोठ्या माणसांना कायद्याने मिळतात. तुम्ही सिगारेटकडे वळायचे काही कारण नाही.” त्या दिवशी मला सर्वांत जास्त गरज याच वाक्याची होती.

मग आपण कायदा समजावून दिलात, आणि तो इतक्या सोप्या शब्दांत, की मी तो आता इतरांना सांगू शकतो. उपकरणाची बॅटरी पुन्हा चार्ज होणारी हवी, लिक्विड पुन्हा भरता आले पाहिजे किंवा भरलेला पॉड, म्हणजे लिक्विडची छोटी कुपी, सुटा विकत घेऊन बदलता आला पाहिजे, आणि कॉइल, म्हणजे लिक्विड तापवून वाफ करणारी तार, तीही बदलता आली पाहिजे. चार्जिंगची जागा आहे पण नवा पॉड वेगळा मिळत नाही, अशी वस्तू कायद्याच्या दृष्टीने फेकण्याचीच ठरते. निकोटिन असो वा नसो, दुकानात असो वा ऑनलाइन, बंदी सारखीच लागू आहे. मात्र ती विकणाऱ्यावर आहे, घरात उरलेले जुने डिस्पोजेबल वापरणाऱ्यावर नाही. वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय निकोटिनचे व्हेप विकता येत नाही, लिक्विडमध्ये निकोटिन एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या वर नको, टाकी २ मिलिलिटरपेक्षा मोठी नको आणि बाटली १० मिलिलिटरपेक्षा मोठी नको, हे नियम तर आधीपासूनचे आहेत.

बंदी का आली, हेही आपण सांगितलेत, आणि ते ऐकल्यावर माझ्या मनातली कुरकुर गेली. बंदीच्या आधी या देशात दर आठवड्याला सुमारे ५० लाख डिस्पोजेबल फेकले जात होते, असा मटेरियल फोकस या संस्थेचा २०२३ मधला अंदाज आहे. त्या प्रत्येकात लिथियमची बॅटरी, आणि बहुतेकांत ती पुन:पुन्हा चार्ज होऊ शकेल अशीच; फक्त चार्ज करण्याची सोय दिलेली नसे. कचऱ्याच्या गाडीत ती चेपली गेली की आग लागते आणि त्यात सफाई कामगारांचा जीव धोक्यात येतो. मी स्वतः गोदामात काम करतो. सामानात बिघडलेली लिथियम बॅटरी आली तर आमच्याकडे किती धावपळ होते, हे मी पाहिलेले आहे, त्यामुळे मला हे फार पटले. व्हेप विकणाऱ्या दुकानदाराने जुनी उपकरणे आणि त्यांचे भाग परत घेतलेच पाहिजेत, हा नियम आपण सांगेपर्यंत मला ठाऊक नव्हता. आता माझ्या ओळखीतले सगळे जण तिथेच देतात.

उपकरण निवडताना आपण मला घाई करू दिली नाहीत, त्याबद्दल विशेष आभार. दिसायला हुबेहूब जुन्या डिस्पोजेबलसारखे आणि भरलेला पॉड लावायचे उपकरण मी पहिल्यांदा उचलले होते. ते कायदेशीर आहे, असे आपण स्पष्ट सांगितलेत. पण पॉड संपला की लोक कंटाळ्याने सगळेच फेकून देतात आणि नव्याचे पैसे भरतात, हेही सांगितलेत. मग आपण तोंडाकडचा भाग काढून स्वतः लिक्विड भरायचे साधे पॉड उपकरण दाखवलेत. बाटलीतल्या १० मिलिलिटरमध्ये पाच डिस्पोजेबलइतके लिक्विड असते, हा हिशेब आपण कागदावर मांडून दाखवलात. सिगारेट सोडू पाहणाऱ्यांना सेवेतून मिळतो तो व्हेपचा मोफत संच, मी आधीच सिगारेट सोडलेली असल्याने, मला मिळण्याजोगा नव्हता. उपकरण विकत घेतले, आणि त्याचा खर्च लवकरच भरून निघाला.

भरण्याचा तो धडा मला आजही जसाच्या तसा आठवतो, कारण बहुतेकांची गाडी तिथेच अडते. आपण पॉडच्या कडेचे रबरी बूच नखाने उचललेत, बाटलीची तोटी भोकात तिरपी धरलीत आणि थेंब थेंब दाबत राहिलात, म्हणजे आत हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. काठोकाठ भरायचे नाही, रेषेच्या खाली थांबायचे. बूच दाबून बसवले आणि मी लगेच ओढायला निघालो, तर आपण हात आडवा धरलात. कॉइलभोवतीचा कापूस लिक्विडने पुरता भिजेपर्यंत दहा मिनिटे पॉड उभा ठेवायचा. कोरड्या कापसावर झुरका मारला की तो करपतो, घसा खरवडतो आणि तो जळका वास त्या कॉइलमधून पुन्हा कधीही जात नाही. “पहिल्याच दिवशी हा वास आला की लोक म्हणतात, हे आपल्याला जमणारे नाही, आणि सिगारेट घेतात,” असे आपण म्हणालात. ती दहा मिनिटे आपण माझ्याशी गावाकडच्या गप्पा मारत बसलात. झुरका कसा मारायचा, तेही मला नव्याने शिकावे लागले: सावकाश, आधी तोंडात आणि मग छातीत, सिगारेट ओढतात तसा, घाईघाईने जोरात खेचला तर लिक्विड तोंडात येते. तोंडाकडच्या भागाखाली साचणारे पाणी कागदी रुमालाने पुसायचे, चव बिघडू लागली की कॉइल किंवा पॉड बदलायचा, चार्जिंग रात्रभर उशाशी लावून झोपायचे नाही. या गोष्टी लहान आहेत, पण कोणी दाखवल्या नाहीत तर माणूस त्यांच्यापायीच हरतो, हे मी आता आमच्या गोदामातल्या दोघांच्या बाबतीत पाहिले आहे.

निकोटिनच्या बाबतीत आपण माझ्याशी अगदी सरळ बोललात. सुरुवातीला २० मिलिग्रॅमचेच ठेवा, कारण कमी घेतले तर तलफ भागणार नाही आणि मन पाकिटाकडे जाईल. स्थिरावल्यावर १० वर या आणि मग त्याहूनही खाली. खाली येताना झुरक्यांची संख्या वाढली तर घाबरू नका, एवढेच पाहा की सिगारेट हातात येत नाही. त्याचबरोबर व्हेप निर्धोक नाही, सिगारेटपेक्षा कमी घातक आहे एवढेच, आणि फार वर्षे वापरल्याचे परिणाम अजून पुरते समजलेले नाहीत, हे आपण लपवले नाही. जो ओढत नाही त्याने व्हेपला हात लावू नये, आणि मुलांनी तर नाहीच, हे आपण प्रत्येक भेटीत सांगितलेत. दुसरीकडे, निकोटिनचे व्हेप हे त्वचेवर चिकटवायच्या निकोटिनच्या पट्ट्या आणि निकोटिनचे च्युइंगम यांच्यापेक्षा अधिक लोकांना सिगारेट सोडायला मदत करते, असा वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्याचा भक्कम निष्कर्ष आहे, हेही आपण तितक्याच ठामपणे सांगितलेत. दोन्ही बाजू एकाच माणसाच्या तोंडून ऐकायला मिळाल्या, म्हणून माझा आपल्यावर विश्वास बसला. माझा मुलगा शाळेत आहे; लिक्विडची बाटली कुलपात ठेवण्याची आणि त्याच्यासमोर न ओढण्याची सवय आपल्यामुळे लागली.

बंदीनंतर काही आठवड्यांनी एका दुकानात काउंटरखालून जुनेच डिस्पोजेबल मला देऊ केले गेले, तेही हजारो झुरक्यांचे म्हणून. मी ते घेतले नाही, कारण अशा मालाची टाकी कायद्यापेक्षा मोठी असते आणि आत काय भरले आहे याची कोणीही हमी देत नाही, हे आपण आधीच सांगून ठेवले होते. इंग्लंडमध्ये असा माल विकणाऱ्याला पहिल्या वेळी २०० पौंडांचा दंड आहे आणि पुन्हा पुन्हा विकणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणखी एका गोष्टीसाठी मी आपला फार ऋणी आहे. दिवाळीला पुण्याला जायचे ठरले तेव्हा उपकरण हातातल्या बॅगेत न्यायचे की सामानात, एवढेच मी विचारले होते. आपण मला थांबवलेत. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात या सगळ्यांवर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. इथे दुकानात राजरोस मिळणारी वस्तू तिथल्या विमानतळावर गुन्हा ठरते, हे इथल्या आपल्या अनेक माणसांच्या लक्षात येत नाही. आपण मला निकोटिनच्या पट्ट्या आणि च्युइंगम यांची जोड लावून दिलीत, ती कशी घ्यायची ते लिहून दिलेत, आणि मी सगळी सुट्टी सिगारेटशिवाय काढली. घरी माझे थोरले बंधू दिवसभर तंबाखू मळतात. त्यांच्यासाठी भारत सरकारच्या तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेचा १८००-११-२३५६ हा क्रमांक आपण दिलात. त्यांनी फोन केला आहे. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी मार्ग हाच आहे. माझ्या पत्रातले उपकरण तिथे मागवू नये, ही कळकळीची विनंती.

ताई, आता एक काम आहे. आपण मराठीत हाताने लिहून दिलेला तो कागद, पॉड भरण्याच्या पायऱ्या एका बाजूला आणि कायद्याचे नियम दुसऱ्या बाजूला, मी टाइप करून घेतला आहे. इथल्या आपल्या मंडळींपैकी जे आज सिगारेट किंवा डिस्पोजेबल ओढतात, अशा प्रौढांनाच तो द्यावा असे मनात आहे. त्यात भर घालायची एक गोष्ट मला दिसते: १ ऑक्टोबर २०२६ पासून लिक्विडच्या दर १० मिलिलिटरवर २ पौंड २० पेन्स नवा कर सरकारने जाहीर केला आहे, तेव्हा खर्चाचा हिशेब बदलेल. आपण एकदा नजर टाकून चुका दाखवाव्यात आणि वाटायला परवानगी द्यावी. पुढच्या भेटीला येताना छापील प्रत घेऊन येतो. त्याच भेटीत १० मिलिग्रॅमवरून खाली कधी यायचे, तेही ठरवू.

आपला कृतज्ञ,
धूम्रपानमुक्ती सेवेचा एक लाभार्थी