हट्टामागचा मंत्रचळ ओळखणारी सोय हवी

माननीय आरोग्यमंत्री,
गोवा सरकार, यांस

स. न. वि. वि.

शाळेतून आलेला मुलगा आईला पुन्हा पुन्हा हात धुवायला लावतो. ती नको म्हणाली की ताट फेकतो, चावतो. तपासणीत घरचे ताटाचेच सांगतात. धुण्याचे कुणी विचारत नाही. मूल 'हट्टी' ठरते आणि मंत्रचळ, म्हणजे भीतीपोटी तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा ओसीडी हा आजार, तसाच राहतो.

असे मूल मारून सुधारत नाही, भीती उलट वाढते. घरच्यांनी हात धुतले की भीती तेवढ्यापुरती शमते, आणि आरडाओरड केली की धुतात हेही मूल शिकते. दोन्ही सवयी एकमेकींना पोसतात.

म्हणून उपचाराचा क्रम महत्त्वाचा. थेट भीतीला सामोरे नेले तर असे मूल खोलीतून उठून जाते. आधी साधारण 6 आठवडे पालकांना शिकवावे: आरडाओरडीकडे दुर्लक्ष, सांगितलेले ऐकले की तत्काळ कौतुक, मुलाने मारले तर दरवेळी तोच ठरलेला परिणाम. आई, बाबा, आजी सगळ्यांचा नियम एकच. विधीत, म्हणजे हात धुण्यासारख्या भीतीपोटीच्या कृतीत, साथ देणे एकेक करून थांबवायचे, तेही मुलाला आधी सांगून. मग 12 ते 14 सत्रे: मूल भीतीला 0 ते 10 गुण देते आणि 2-3 गुणांच्या पायरीपासून सुरुवात होते. दाराच्या कडीला हात लावायचा, भीती ओसरेपर्यंत धुवायचा नाही, आणि हे घरी रोज. एकदम 8 गुणांवर उडी मारली की सगळे फसते. 'काही होणार नाही रे' असा वारंवार दिलेला धीरसुद्धा विधीच बनतो. आजीला हे समजावणे सर्वांत कठीण.

2004 साली अमेरिकेत 112 मुलांवर झालेल्या अभ्यासात 12 आठवड्यांनंतर वर्तनोपचार आणि सर्ट्रालिन हे औषध दोन्ही मिळालेल्यांपैकी सुमारे 54 टक्के मुलांची लक्षणे जवळजवळ गेली, नुसत्या औषधावर 21 टक्के. नुसती गोळी पुरत नाही ती अशी.

पण पेडणे, सत्तरी किंवा काणकोणहून चार-पाच महिने दर आठवड्याला बांबोळीचे सरकारी इस्पितळ गाठायचे तर रोजंदारीवरचे घर मध्येच उपचार सोडते. म्हणून म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांत आठवड्याची एक दुपार याच मुलांसाठी राखून ठेवा. प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ, प्रत्येक मुलाला पूर्ण तास, मराठी-कोंकणीत बोलणे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मुलाच्या रागाची तक्रार आली, तर 'तो तुम्हाला काही पुन्हा पुन्हा करायला लावतो का?' हा प्रश्न विचारायला समुपदेशकांना सांगा. त्याला नवा निधी लागत नाही, आदेश या महिन्यातही निघू शकेल.

आपले,
मुलांच्या वर्तनोपचाराचे काम करणारे समुपदेशक