बंड्या, तू बरोबर होतास

सांगली, विश्रामबाग

प्रिय बंड्या,

दीड वर्ष झालं, ना पत्र ना फोन. रागावला असशील. पण हे तुलाच सांगायला पाहिजे. ताईची धाकटी आजारी आहे, आणि पहिले आठ दिवस मला रोज तुझी आक्का दिसत होती.

एकोणीस वर्षांची पोर. ताप, डोकेदुखी, मग झोपच उडाली. आईला ओळखेना. मला म्हणाली, "मामा, दारात नदी उभी आहे." नंतर तोंड चाळवायला लागलं, काही चघळत असल्यासारखं, ते थांबेचना. पहिल्या डॉक्टरांनी परीक्षेचं टेन्शन म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. दाजींच्या आई म्हणाल्या, बाहेरचं आहे. देवऋषी ठरला, लिंबाचा पाला आला. तो पाला बघितला आणि पोटात गोळाच आला. आक्काच्या वेळी तू देवऋष्याचा हात धरला होतास. आणि मी तुला मागं ओढलं होतं.

तशीच गाडीत घातली आणि मिरज गाठली. वाटेतच फीट आली.

एमआरआय साफ. मला हायसं वाटलं, तर डॉक्टर म्हणाले, एवढ्यावर मेंदूची सूज नाही असं म्हणता येत नाही. पाठीतलं पाणी काढलं, त्यात पेशी वाढलेल्या. रिपोर्टची वाट न बघता असायक्लोव्हिर, म्हणजे विषाणूवरचं औषध, चालू केलं. हर्पिसचा विषाणू असला तर उशीर महागात पडतो. तो नव्हता. मग अँटिबॉडी तपासल्या : एनएमडीए रिसेप्टर, म्हणजे मेंदूच्या पेशींवरचा निरोप घेणारा भाग, त्याच्याविरुद्धच्या पॉझिटिव्ह. आपल्याच अंगातल्या अँटिबॉडी मेंदूवर उलटतात. यात अंडाशयात गाठ असू शकते म्हणून सोनोग्राफी झाली, गाठ नाही. पाच दिवस रोज एक ग्रॅम स्टेरॉइड शिरेतून, शिवाय इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेल्या चांगल्या अँटिबॉडी. ताईनं पाटल्या मोडल्या.

बंड्या, हा आजार ओळखला गेला २००७ साली. आक्का २००३ ला गेली. तिला हेच होतं असं मी म्हणत नाही, आता कोण सांगणार? पण ती वेडी नव्हती आणि तिला लागीरही नव्हतं, हे तू ओरडून सांगत होतास. मी तुला म्हणालो होतो, मोठ्यांच्या मधे पडू नकोस. त्यावरून तू सहा महिने बोलला नाहीस. बरोबर केलंस.

पूर्ण बरं व्हायला महिने लागतील म्हणतात. काल ताईनं भडंग पुढं केलं, तर पोरीनं नुसते शेंगदाणे वेचून खाल्ले. अगदी तुझीच खोड! ताई पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

माझी तब्येत ठीक. तुझ्या घराचा स्लॅब पडला का? वहिनींना नमस्कार. हे पत्र काकूंना वाचून दाखवायचं की नाही, ते तू ठरव.

तुझाच,
दाद्या