हुकावरचं वजन

छत्रपती संभाजीनगर

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

दिवाळीत बोलायचं राहून गेलं, म्हणून लिहितेय. सोयाबीन लातूरला मोंढ्यावर निघालं त्या सकाळी मी स्कूटीवर मागंच होते. उतारावर ट्रॉली हेलकावे खायला लागली आणि वर पोत्यांवर आई बसलेली. माझ्या पोटात गोळा आला.

फाट्यावर थांबलात तेव्हा मी वाकून पाहिलं. ट्रॉलीच्या दांडीचं कडं ट्रॅक्टरच्या हुकात वर उचललेलं, पिन एका अंगानं घासून चकचकीत झालेली. उतरवायला सोपं म्हणून पोती चाकाच्या मागंच जास्त रचली होती. त्यामुळं दांडीचा भार हुकावर बसतच नव्हता, म्हणून ट्रॉली हेलकावे खात होती.

बाबा, बैलगाडी होती तेव्हा बैल जुंपायच्या आधी तुम्ही जू हातानं उचलून बघायचात. हलकं लागलं की गाडी उलाळ, म्हणजे मागं जड आहे म्हणून दोन पोती पुढं घ्यायचात. दोन चाकी ट्रॉलीचंही तेच आहे, फक्त ती हातानं उचलून कळत नाही.

भुईकाट्यावर कळतं. भरलेली ट्रॉली सोडवून, चाकांना दगड लावून, स्टँडसकट काट्यावर घ्यायची. मग ट्रॅक्टरला जोडून फक्त ट्रॉलीची चाकं काट्यावर ठेवायची, ट्रॅक्टर बाहेर. आधी ४००० किलो आणि नंतर ३६०० भरलं, तर हुकावर ४०० किलो. जीपमागच्या ट्रेलरला साधारण एवढाच, एक दशांश भार धरतात. आपल्या ट्रॅक्टरचा हूक किती सोसतो ते त्याच्या पुस्तकात बघा, त्याच्या वर जाऊ नका. भार फार झाला तर पुढची चाकं उचलतात, स्टिअरिंग हलकं पडतं; तेही तितकंच वाईट.

कमी भरलं तर फक्त पोती सरकवायची. हुकापासून आस तीन मीटरवर असेल, तर ६० किलोचं एक पोतं दोन मीटर पुढं घेतलं की हुकावर ४० किलो वाढतात. ती झिजलेली पिन मात्र आजच बदला, आणि तिला क्लिप घाला.

आई, तू ट्रॉलीवर बसायचं नाहीस. भार बरोबर असला तरी नाही. एसटीनं जा, बायकांना अर्धं तिकीट आहे. बाबा नको म्हणाले तरी ऐकू नकोस.

तूर निघायच्या आत मी येते. काट्यावर आपण मिळून जाऊ.

तुमची लेक