बाबा, तुमची आत्या सापडली

ती. बाबा आणि सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर सांगता आलं असतं, पण बाबा, फोनवर तुम्ही "बरं बरं" म्हणता आणि आईकडे देता. म्हणून लिहितेय. आई, दुपारी जेवणं आणि बाबांची गोळी झाली की हे वाचून दाखव. जुन्या चष्म्यातून त्यांनी डोळे ताणू नयेत.

आधी माझं. पणजीत खोली का घेतली, घरी का नाही राहिले, हे आईनं तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा मी कदंबाच्या बसवर ढकललं. फोंड्याहून जाऊन-येऊन दिवस मोडतो हे खोटं नाही. पण खरं म्हणजे संध्याकाळी तुमच्यासमोर बसून हे कागद उलगडायची माझी छाती नव्हती. तुमचं घर असताना परक्याच्या खोलीत राहिले, हे मला रोज टोचतं. खोली चांगली आहे. पाणी भरपूर येतं, सकाळी पाववाला पोदेर दारात हॉर्न वाजवतो, दुपारी शीत-कडी मिळते. जुन्या कागदांची धूळ असते म्हणून नाकाला फडकं बांधून बसते. दमा उठलेला नाही, आई, एकदासुद्धा नाही.

बाबा, तुमची आत्या सापडली.

पुराभिलेखागार १५९५ पासूनचं आहे, पण मला लागलं ते त्या मानानं काल-परवाचं, १९१४ नंतरच्या जन्मनोंदींचं. तिथे रांगेत उभे असलेले बहुतेक लोक आजोबांचं नासिमेंतु, म्हणजे जन्मनोंद, शोधायला आलेले असतात, पोर्तुगालच्या पासपोर्टासाठी. मलाही तेच विचारलं. मी म्हटलं, मला आजोबांच्या बहिणीचं हवंय, आणि पासपोर्ट नकोय. अकरा दिवस लागले. कारकुनानं जे ऐकलं ते पोर्तुगीज वळणानं लिहिलेलं. शेणव्यांचं सिनाय, कामतांचं कामोतिं, प्रभूंचं पोरोबो. आपलं आडनाव तर एकाच वहीत तीन तऱ्हांनी आहे.

या नोंदींना बाजूला समास सोडलेला असतो. पुढे त्या माणसाचं लग्न झालं, मृत्यू झाला, की तिथेच टिपून ठेवतात. आपल्या वंशावळीत जिथे शाईचा डाग आहे ना बाबा, तिचा इथला समास पूर्ण भरलेला आहे. लग्नाची तारीख, नवऱ्याचं नाव, सासष्टीतलं गाव. मी त्या टेबलाशी बसून रडले. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

मग त्या गावच्या इगर्जीत, चर्चमध्ये गेले. पाद्रीनी वही काढून दिली, तिच्यात तिचं नाव वेगळं. तिथून मागच्या सिमितेरीत, दफनभूमीत. तुम्हांला ठाऊक असेल, थडग्याची जागा विकत घेतलेली नसेल तर ती कायमची नसते. काही वर्षांनी तीच जागा दुसऱ्याला देतात आणि हाडं काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. तिचा कोनाडा आहे. पुढची फरशी पाटीएवढी. वर तिचं इगर्जीतलं नाव आणि त्याच्या खाली बारीक अक्षरांत आपल्या घरचं, आजोबा हाक मारायचे ते.

तिच्या सासरच्या घरात आता तिची नात असते. २ नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या दिवशी, ते सगळे कोनाडा पुसून मेणबत्ती लावतात. मला बोलावलंय आणि मी हो म्हटलंय. तुम्हांला न विचारता म्हटलं. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं नसतं, गप्प बसला असतात, आणि ते मला सोसलं नसतं. दुसरं, वंशावळीची मी नवी प्रत काढलीय आणि तिच्यात तिचं नाव लिहिलंय. मूळ कागदाला हात लावलेला नाही. तो आजोबांचा आहे, डागासकट तसाच कपाटात राहील. त्यांना मी दोष देत नाही. फोंड्यात त्या काळी चार बहिणींची लग्नं व्हायची होती, हे मला कळतं.

पण बाबा, म्हार्दोळला जाताना दर वेळी तुम्हीच सांगायचात ना? १५६७ साली सासष्टीतली देवळं पाडली, म्हाळसा वेर्ण्याहून निघाली, जुवारी ओलांडून इथे आली, कारण फोंडा तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हता. आणि शेवटी म्हणायचात, "आपले अर्धे तिथेच राहिले." रागानं नाही म्हणायचात. त्या अर्ध्यांवर राग नाही, तर जी एकटी मुलगी तीच नदी उलटी ओलांडून गेली तिच्यावर कशाला? देवळाच्या महाजनांच्या यादीत मी तुम्हांला शोधलं, आजोबांना शोधलं, सगळे आहेत. यादी पुरुषांचीच. तिचं नाव तिच्यात येणारच नव्हतं, माझंही नाही. म्हणून निदान घरच्या कागदावर तरी असावं असं वाटलं. तुम्हांला लागेल असं लिहितेय का मी? तसं नाही हो. सुपात तांदूळ पसरून, माझं बोट धरून मोडीचा 'क' तुम्हीच गिरवून घेतलात. तो गिरवला नसता तर वंशावळीचा कागद मला वाचताच आला नसता.

फोंड्याच्या बाजारातल्या त्या दोदोलाची, गुळाच्या मिठाईची गोष्ट तुम्ही मला दोनदाच सांगितलीत, दोन्ही वेळा ताप असताना. मी नातीला काही बोलले नव्हते. तीच म्हणाली, म्हातारी फोंड्याला जायची तेव्हा केळीच्या पानात दोदोल बांधून न्यायची, आणि पुष्कळदा तसाच परत आणायची.

२ तारखेला गाडी सांगितलीय. यायचं असेल तर पुढची सीट तुमची, तिथे खुर्चीही ठेवतील. नाही आलात तरी मी रात्री घरी येईन, आपण पेज जेवू, आणि मी काही विचारणार नाही.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल, या शनिवारी पाठवते. पोरसात पाणी घालायला वाकू नकोस, बाईला सांग. लोणचं, सुके बांगडे बंद म्हणजे बंद, दोघांनाही. बाबांचं बीपी रोज लिहून ठेव, "बरं आहे" असं मला फोनवर चालणार नाही.

पत्राबरोबर स्टीलचा डबा येईल. नातीनं केलाय, काळ्या गुळाचा, वर काजू. बाबांना एकच तुकडा दे, आई, साखर बघून. टाकू मात्र नकोस.

तुमची
बाय