प्राग अर्ध्या दिवसात उरकू नका हो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत युरोपच्या टूर्सवर वरचेवर काही ना काही येतं आणि त्यात चेक देशाची राजधानी प्राग म्हटलं की ठरलेल्या तीन गोष्टी, घड्याळ, पूल आणि किल्ला, फोटोंसकट. त्यावरून हे पत्र लिहितोय. या तीन गोष्टी बघू नका असं माझं अजिबात म्हणणं नाही, उलट त्या नीट बघाच, कारण व्हिएन्नाहून बर्लिनला जाताना मधे बस थांबवून जे अर्ध्या दिवसाचं प्राग दाखवतात त्यात लोक तिन्हीसमोर उभे राहतात, फोटो काढतात आणि बघायचं तेवढं राहून जातं.

जुन्या शहराच्या चौकात टाउन हॉलच्या भिंतीवर आहे त्या घड्याळाचंच घ्या. सकाळी ९ पासून रात्री ११ पर्यंत दर तासाला तो सांगाडा दोरी ओढतो, वरच्या दोन खिडक्या उघडतात, येशूचे बारा प्रेषित एकामागून एक डोकावून जातात, शेवटी कोंबडा आरवतो आणि खेळ खलास, मिनिटभरसुद्धा लागत नाही. खाली मोबाईल वर धरून उभी असलेली गर्दी "एवढंच होय?" म्हणत पांगते. अहो पण प्रेषित वगैरे सगळं नंतरचं, मूळ घड्याळ १४१० सालचं आहे आणि खरी कमाल खिडक्यांच्या खालच्या तबकडीत आहे! तिच्यावर सूर्य आणि चंद्र राशींच्या चक्रातून फिरतात, चंद्राचा गोळा अर्धा काळा अर्धा रुपेरी आहे आणि कलेप्रमाणे स्वतःभोवती वळतो, म्हणजे आज चंद्र किती हे रस्त्यावर उभं राहून कळतं. सगळ्यात बाहेरच्या कड्यावर १ ते २४ आकडे आहेत, तिथे सोनेरी हात सूर्यास्तापासून किती तास झाले ते दाखवतो, कारण त्या काळी बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशाच्या पश्चिम भागात, दिवस मावळतीपासून मोजायचे, आणि मावळतीची वेळ रोज बदलते म्हणून ते अख्खं कडंच वर्षभर मागेपुढे सरकत राहतं. सहाशे वर्षांपूर्वी हे डोकं कोणी चालवलं असेल! गाईड लोक हनुश नावाच्या कारागिराचे डोळे काढले वगैरे रंगवून सांगतात, ती दंतकथा आहे, हे काम कडान गावच्या मिकुलाशचं. मेष-वृषभ ज्याला तोंडपाठ आहेत त्याने तर गर्दी गेल्यावर पाच मिनिटं जास्त थांबावं.

तिथेच मान खाली घालून फरशीकडेही बघा. टाउन हॉलच्या भिंतीजवळ दगडात पांढरे क्रॉस आहेत, २७. सम्राटाविरुद्धचं बंड फसल्यावर २१ जून १६२१ला इथे २७ जणांना मारलं, त्यातल्या बारा जणांची मुंडकी पुलाच्या बुरुजावर दहा वर्षं टांगून ठेवली होती. लोक त्याच क्रॉसवर उभे राहून सेल्फी काढतात, सांगणारंच कोणी नसतं. त्याच चौकात पितळेची एक पट्टी आहे, जुन्या काळी मारियाच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, खांबाची सावली तिच्यावर पडली की प्रागमधले बारा वाजले असं धरायचे. तो खांब १९१८मध्ये लोकांनी पाडला आणि २०२०मध्ये परत उभा केला, त्यावर तिथे वादही भरपूर झाले.

पूल म्हणजे चार्ल्स ब्रिज, १३५७चा, चौथ्या कार्ल राजाने सुरू केलेला. यावर एकच सांगतो, पहाटे जा. दहानंतर तिथे चालता येत नाही, नुसतं ढकललं जातं. तीस पुतळे आहेत, बहुतेक आता प्रती आहेत, मूळचे म्युझियममध्ये हलवलेत. त्यातला १६८३चा नेपोमुक या पाद्र्याचा पुतळा सगळ्यात जुना, त्याच्या खालचा कांस्यपट लोकांनी हात लावून लावून चकचकीत केलाय. या माणसाला १३९३मध्ये इथून नदीत फेकलं होतं. राणीचं गुपित फोडलं नाही म्हणून, असं सांगतात, पण भांडण खरं तर राजा आणि चर्चमधलं होतं. पुलाच्या दोन्ही टोकांच्या बुरुजांवर चढता येतं, जुन्या शहराकडच्या बुरुजावरून दिसणारा देखावा एकदम भारी.

किल्ल्याबाबत मात्र माझी खरी तक्रार आहे. आमच्या ओळखीचं एक कुटुंब गेल्या वर्षी एका टूर कंपनीतर्फे गेलं होतं, ब्रोशरमध्ये "प्राग कॅसल" असं ठळक छापलेलं आणि प्रत्यक्षात अंगणातून आत शिरून अंगणातूनच बाहेर! अंगणं सगळ्यांना फुकटच असतात, तिकीट लागतं ते आतल्या इमारतींना, ते काही पॅकेजमध्ये नव्हतं. म्हणजे सेंट विटस कॅथेड्रल बाहेरून बघून परत. हे कॅथेड्रल १३४४ला सुरू झालं आणि पुरं झालं १९२९ला, म्हणून त्याच्या पश्चिमेच्या भिंतीवर, मोठ्या गोल खिडकीच्या खाली, संतांच्या शेजारी सुटाबुटातले आर्किटेक्टही कोरलेले आहेत, ते शोधायला मजा येते. आत डावीकडे चित्रकार आल्फोन्स मुखाची रंगीत काचेची खिडकी आहे, तिच्यासमोर थांबाच. बाकीच्या खिडक्यांपेक्षा ती वेगळीच दिसते कारण त्याने काचेवर चक्क रंगवलंय, आणि तळाशी बघितलं तर "बांका स्लाविये" असं लिहिलेलं दिसेल, पैसे त्या बँकेने दिले होते ना. चर्चच्या खिडकीत बँकेची जाहिरात! किल्ल्यातल्याच गोल्डन लेनमधलं २२ नंबरचं निळं घरही लोक शोधतात, लेखक काफ्का तिथे काही महिने लिहायला बसायचा, पण घर एवढंसं आणि रांग एवढी मोठी, माझ्या मते चुकलं तरी चालेल.

चुकवू नये ते योसेफोव्ह, म्हणजे जुनी ज्यू वस्ती, आणि नेमकं तेच टूरवाले गाळतात कारण तिकीट वेगळं असतं. तिथलं पिंकास सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बघाच. आत मूर्ती नाही, चित्र नाही, फक्त भिंती, आणि भिंतींवर हाताने लिहिलेली नावं, नाझींनी मारलेल्या बोहेमिया-मोराव्हियातल्या जवळजवळ ७८ हजार ज्यूंची. गाव, आडनाव, नाव, जन्मतारीख आणि शेवटची माहीत असलेली तारीख. एकाच आडनावाखाली चार-पाच नावं आणि शेवटची तारीख सगळ्यांची एकच असं दिसलं की पुढच्या ओळीवर डोळा जातच नाही. वरच्या मजल्यावर तेरेझीनच्या नाझी छावणीतल्या मुलांनी काढलेली चित्रं आहेत. बाहेर जुनी दफनभूमी, जागा कमी म्हणून थरावर थर पुरत गेले, काही ठिकाणी बारा थर, म्हणून सुमारे बारा हजार दगड असे एकमेकांना टेकून वाकडेतिकडे उभे आहेत. शनिवारी आणि ज्यू सणांना हे सगळं बंद असतं, बुकिंग करताना हे बघून घ्या, नाहीतर एवढ्या लांब जाऊन दाराला कुलूप.

पैशांचं थोडक्यात. तिथे युरो नाही, कोरुना चालतो. पैसे बदलायच्या दुकानावर "शून्य टक्के कमिशन" अशी पाटी दिसली की पळा, भाव इतका वाईट लावतात की कमिशन परवडलं असतं. फसलात तर पावती घेऊन तीन तासांत त्याच दुकानात व्यवहार रद्द करता येतो, २०१९पासून तसा कायदाच आहे. आणि ते त्रदेल्निक, नळकांडीसारखं भाजलेलं गोड, "जुना चेक पदार्थ" म्हणून विकतात, खा खुशाल, पण तसं काही नाहीये.

एक संध्याकाळ हातात असेल तर विशेहराद हा नदीकाठचा जुना किल्ला. मेट्रोने जाता येतं, तिकीट नाही, गर्दी नाही, तटावरून नदी दिसते आणि शेजारच्या दफनभूमीत संगीतकार द्वोरझाक आणि स्मेताना, मुखा आणि लेखक कारेल चापेक, ज्याच्या नाटकातून रोबोट हा शब्द जगभर गेला, सगळे एकाच आवारात. आणि देइवित्से भागात ठाकुरोवा नावाचा रस्ता आहे, आपल्या रवींद्रनाथांचा! ते १९२१ आणि १९२६ला प्रागला आले होते, तिथे त्यांचा अर्धपुतळाही आहे, एकाही ब्रोशरमध्ये मी तो वाचलेला नाही.

तर संपादकसाहेब, पुढच्या वेळी प्रागवर लेख छापाल तेव्हा सोबत एक छोटी चौकट द्या ना, कुठल्या दिवशी काय बंद आणि कुठे आत जायला तिकीट लागतं. आणि पॅकेजच्या जाहिराती घेताना "दर्शन" म्हणजे आतून की बाहेरून तेवढं तरी त्यांना स्पष्ट छापायला सांगा.

आपला,
एक नियमित वाचक