पुसून टाकलेल्या अभिनेत्रीस

प्रिय कॅथरिन अलेक्झांडर,
स. न. वि. वि.

'ऑर्फन ब्लॅक' या हुबेहूब क्लोन बायकांच्या टीव्ही मालिकेसाठी तातियाना मस्लानी यांना २०१६ साली एमी पुरस्कार मिळाला, ते रास्तच होतं. सारा, ॲलिसन, कोसिमा, हेलेना, रेचल, सगळ्या क्लोन त्यांच्याच. पण या बायका समोरासमोर भांडायच्या तेव्हा टोरांटोच्या सेटवर दुसऱ्या बाजूला त्यांच्या डबल म्हणून तुम्ही असायचात, आणि नंतर चित्रातून तुम्हाला पुसलं जाई. हे आभार त्याचे.

आपल्याकडच्या जुन्या डबल रोलमध्ये कॅमेरा खिळलेला असे आणि चौकटीच्या मधली अदृश्य रेघ दोन्ही भावांनी ओलांडायची नसे. ओलांडली तर हात कापला जाई! तुमच्याकडे टेक्नोडॉली होती. ही क्रेन आपली हालचाल नोंदवून ठेवते आणि हवी तितक्या वेळा तशीच करते. पहिल्या फेरीत मस्लानी सारा, तुम्ही ॲलिसन. टेक पसंत पडला की त्यांनी विग, कपडे, मेकअप बदलून ॲलिसन व्हायचं आणि तुम्ही सारा. शिवाय रिकाम्या सेटची एक फेरी. मग या फेऱ्या एका चित्रात जोडायच्या. तुम्हाला पुसल्यावर मागची भिंत त्यातून भरतात. मधल्या वेळात टेबलावरचा कप दोन बोटं सरकला किंवा खिडकीतलं ऊन ढळलं, तर सांधा उघडा पडतो.

याहून नाजूक गोष्ट वेळेची. पहिला टेक ठरला की त्यातले विराम गोठतात. सारा जिथे गप्प आहे, तेवढ्याच सेकंदांत ॲलिसनचं वाक्य बसलं पाहिजे. एक शब्द लांबला तरी दोघींचं बोलणं एकमेकांवर चढतं. आणि ती जागा किती मोठी, हे तुमच्या बोलण्यावरून ठरलेलं असे. म्हणजे चेहरा पुसला गेला, पण लय पडद्यावर राहिली. स्टँडवर टेनिसचा चेंडू लावून नजर नेमकी ठेवता येते. पण चेंडू मध्येच वाक्य तोडत नाही, चिडत नाही, त्यामुळे समोरच्याचा सूर हळूहळू सपाट होतो. तुम्ही दोन्ही बाजूंचे संवाद पाठ करून, दोन्ही बायकांच्या ढबीत उभ्या राहिलात म्हणून ते टळलं. केवळ उंची-बांधा जुळणारी डुप्लिकेट आणून हे जमलं नसतं.

स्पर्श आला की काम आणखी किचकट. मिठीत किंवा झटापटीत दोन वेगळ्या फेऱ्यांतली शरीरं जोडण्यापेक्षा डबलचा हात-खांदा चित्रात ठेवून डोकं तेवढं बदलणं बरं पडतं. ते करायचं तर डबलचा खांदाही त्या क्लोनसारखाच ताठ किंवा ढिला हवा. खांद्याचा अभिनय पुरस्कारांच्या यादीत नसतो, हा भाग वेगळा.

आपले,
डबल रोलचे चिकित्सक प्रेक्षक

ता. क. दुसऱ्या सीझनच्या शेवटच्या भागातला चार क्लोनचा नाच आता तुमच्यासाठी म्हणून पाहतो. गाण्याच्या ठेक्यामुळे वेळ जुळवणं त्यातल्या त्यात सोपं. पण कोण कोणाच्या पुढून जाणार, हे आधीच पक्कं ठरवावं लागतं.